बॉल बाहेर मारला तो दिवस

१९ मे, सोमवार
तीन सामने उरले आणि आमचा रग्बी क्लब चौदातला चौदावा. शेवटचा नंबर सरळ खालच्या विभागात जातो, हे अख्खं सेंत-आर्मू गाव मला रोज ऐकवतं. बेकरीवाला पाव देताना, पोस्टमन पत्र देताना. अरे, मग मला न्यूझीलंडहून आणलंत कशाला?
संकल्प: क्लब वाचवायचा. फ्रेंच शिकायचं (सवडीनं).

५ जून, गुरुवार, सकाळी ११
कोच दुकासची मीटिंग. परवाचा शेवटचा सामना हरलो तरी चालेल, पण थोडक्यात हरायचं. थोडक्यात हरणाऱ्याला एक गुण मिळतो. तेवढ्यावर आपण तेरावे, आणि तेराव्याला वाचायला अजून एक सामना मिळतो. पुढे तो बोटं नाचवत बसला. खिडकीतून एक निळी व्हॅन दिसली, विकायला उभी. मागे गादी मावेल. पाहून आलो तोवर मीटिंग खलास. असो. थोडक्यात म्हणजे सातच्या आतल्या फरकानं, आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

७ जून, शनिवार, संध्याकाळी ६
डोकं फुटायची वेळ आलीय.
वेळ संपल्याचा भोंगा झालेला. १९-२५. सहानं मागे, बॉल माझ्या हातात. आता बॉल बाहेर गेला की खेळ संपला आणि गुण खिशात. कॅप्टन पेयो ओरडत होता. आमच्या जर्सी धुणाऱ्या मादाम लाबेक कठड्यावर चढून ओरडत होत्या. मी त्यांना हात केला आणि बॉल लाथेनं पार पार्किंगमध्ये भिरकावला. हात वर करून धावत सुटलो. बरोबर कुणीच धावलं नाही.
इथे म्हणे पाचच्या आत लागतं.
पेयो म्हणाला, कोचनं पाच बोटं दाखवली होती, गाढवा. मी म्हटलं, दाखवली असतील, सांगितलं होतं का? मग आम्हाला सोडवायला चौघं लागले.

८ जून, रविवार
बेकरीवाला म्हणाला, पाव संपला. मागे फळीवर वीस पाव. नालायक.
दोष कोचचा. नियम करणाऱ्यांचा. व्हॅनवाल्याचाही, ऐन मीटिंगला गाडी लावतो.
संकल्प: हे गाव सोडायचं. वरचे क्लब माझ्यासाठी भांडतील. फोन चार्ज करून ठेवलाय.

१६ जून, सोमवार
एजंटशी बोललो. फोन मीच केला. तो म्हणाला, तुझी ती किक सगळ्या क्लबांनी पाहिलीय. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, मग काय, म्हणूनच.
करार अजून वर्षभराचा. इथेच.

१ जुलै, मंगळवार
खालचा विभाग, खालचं बजेट. मादाम लाबेकना तीस वर्षांनी घरी बसवलं. जर्सी आता खेळाडूंनीच पाळीपाळीनं धुवायच्या. पहिली पाळी माझी. उघड उघड सूड आहे.
बाईंनी धुण्याच्या खोलीची किल्ली हातात ठेवली आणि एकेक जर्सी समजावली. एक, दोन, तीन नंबरला रक्त असतं, थंड पाण्यात भिजव. सहा-सातला गवताचे डाग, साबण लावून घास. मी लिहून घेत होतो. आठवरून त्या थेट दहावर गेल्या. म्हटलं, नऊ राहिला, माझा.
"त्याला काय करायचंय, पोरा. झटक आणि घडी घाल."
तेही लिहून घेतलं.