चौघांची शीळ

५ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून कान धरतो. एका हॉटेलच्या बेचाळीस खुर्च्या नव्यानं मढवायला आल्यात. दिवसभर तोंडात बारीक खिळे-चुका, हातात छोटी हातोडी, आणि दुकानभर जुन्या काथ्याचा भुसा. तुझी वहिनी म्हणते, मी शिंकलो तरी काथ्या उडतो.

पण बातमी ऐक. आमच्या शीळमंडळाला नगर सभागृहात कार्यक्रम मिळालाय! हसू नकोस. मी, लाकूड कातणारा कातारी, घड्याळजी आणि पाट्या रंगवणारा पेंटर, असे चार बाप्ये दर रविवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बसून नुसत्या ओठांनी गाणी वाजवतात, हे तू सगळीकडे सांगत सुटली होतीस ना? आता सांग, की १४ सप्टेंबरला यांना वीस मिनिटं दिलीत आणि शेवटची चाल माझा दादा एकटा वाजवणार आहे. घड्याळजीचं म्हणणं, मी दर वेळी अर्धा सेकंद आधी सुरू करतो. वेळेच्या बाबतीत त्याच्याशी कोण वाद घालणार?

उजव्या गालाच्या आत एक फोड आलाय. दीड महिना झाला, हटत नाही. एखादी चूक टोचली असेल. वहिनी डॉक्टरकडे जा म्हणून डोकं खाते. बघू.

माया आहे तेवढी ठेव, वाढवलीस तरी हरकत नाही.
तुझा दादा

१७ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि. पत्र वाचून इतकी खूश झाले, की वहीच्या पुठ्ठ्याला उलट्या बाजूनं खळ लावली. मालकांनी कपाळाला हात लावला. बांधणीच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली, पण असं कधी केलं नव्हतं.

बाबा असते तर त्यांचं तोंड बघायला हवं होतं! घरात शीळ घातली म्हणून पट्टी खायचास. मग न्हाणीघरात नळ सोडून घालायचास, आणि पाणी सांडलं म्हणून पुन्हा खायचास. जन्मभर तोंडात चुका धरणारा तू, आणि बाबांपुढे मात्र सगळ्या चुका माझ्या नावावर.

मला येता येणार नाही रे. सप्टेंबरात दिवाळीच्या हिशेबवह्यांचा हंगाम असतो, रजा मागूच नका असं आत्ताच बजावलंय. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत शब्दकोडं सोडवायचं सोडून तुझ्यासाठी डोळे मिटून बसेन. तू मात्र आता कच खाऊ नकोस. ऐन वेळी पाय मागे घ्यायची तुझी जुनी खोड मला माहीत आहे. काहीही झालं तरी माघार घ्यायची नाही, हे माझं सांगणं समज.

आणि फोड दाखवून ये. वहिनीला नमस्कार.
तुझी आठवण काढत असते, तूही काढत जा.
ठकी

२० जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. तू विचारलंस म्हणून सांगतो, फोड दाखवला. डॉक्टरनं काय ते सांगितलं. पुढचं कार्यक्रमानंतर बघायचं ठरलंय. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

चुका आता वाटीत ठेवून एकेक उचलतो. कामाचा वेग निम्म्यावर आलाय. गाल जरा ओढल्यासारखा वाटतो आणि वरच्या सुराला हवा निसटते. कातारी म्हणाला, चाल दोन सूर खाली घेऊ. मी त्याच्यावर ओरडलो. आजवर कधी ओरडलो नव्हतो. पुढच्या रविवारी गुपचूप खाली घेतली.

तुझी वहिनी चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये. कारण विचारू नकोस, आणि तिला पत्र टाकून उकरूही नकोस. तुझं मागचं पत्र मी खिशात घेऊन फिरतो.

लोभ कमी करू नकोस.
दादा

२६ सप्टेंबर

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि. ह्यांनी शपथ घातली होती म्हणून तीन महिने गप्प बसले. आता शपथेला काही अर्थ उरला नाही.

जूनच्या अखेरीस तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांच्या आत कापायला हवं. गालाचा भाग आणि ओठाचा कोपरा जाईल, पण जेवता येईल, बोलता येईल, माणूस वाचेल. ह्यांनी विचारलं, शीळ घालता येईल का. डॉक्टरांना वाटलं थट्टा करतात. मग हे म्हणाले, १४ सप्टेंबरनंतर या. जणू काही डॉक्टरच आमच्याकडे खुर्ची मढवून घ्यायला येणार होते. मी पाया पडले, भांडले, माहेरी जाते म्हटलं. तर ह्यांनी खिशातून तुमचं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. काहीही झालं तरी माघार घ्यायची नाही, असं धाकट्या बहिणीनं सांगितलंय म्हणाले.

तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला काय ठाऊक होतं?

कार्यक्रमाला मी गेले होते. पहिली तीन गाणी झाली. मग हे एकटे पुढे आले. ओठ जुळवले आणि नुसती हवा आली. पुन्हा जुळवले. उजवी बाजू मिटतच नव्हती. लोकांना वाटलं, गंमत आहे. कुणीतरी हसलंही. तेवढ्यात मागून कातारीभावजींनी ती चाल उचलली आणि शेवटपर्यंत नेली. हे तसेच उभे होते, हात पाटलोणीला पुसत.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो. गाठी मानेत उतरल्यात, जबड्याचं हाड धरलंय. आता कापून उपयोग नाही म्हणाले. दिवाळखोरासारखे बाकावर बसून राहिलो दोघं.

आणखी लिहवत नाही. आमच्यावरचं प्रेम असू द्या.
तुमची वहिनी

२ ऑक्टोबर

ति. दादास,
सा. न. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. तुझ्यावर इतकी चिडलेय, की समोर असतास तर काय केलं असतं सांगता येत नाही. माझं एक वाक्य खिशात घालून तू हे केलंस? मी शीळ घालण्याबद्दल म्हणत होते रे. मला एका कार्डानं कळवलं असतंस, तर हंगाम गेला खड्ड्यात म्हणून आले असते आणि तुला धरून इस्पितळात नेलं असतं.

मालकांना मी विचारलं नाही, सांगितलं. अठराला दुपारी पोचते. तुला चालणार असो वा नसो.
ठकी

११ ऑक्टोबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. बोलणं आता जमत नाही, घरातही पाटीवर लिहितो. म्हणून हे पत्र जरा लांबेल.

तुझ्या पत्रामुळे काही झालं नाही. ते मी वहिनीचं तोंड बंद करायला वापरलं. खरं सांगतो. डॉक्टरनं कागदावर माझा चेहरा काढला आणि ओठाच्या कोपऱ्यापासून कानाखालपर्यंत पेन्सिलीनं रेघ ओढली. कापडावर खडूची रेघ ओढली, की पुढे कात्री चालवायचीच, हे मी तीस वर्षं करत आलोय. मी घाबरलो, ठके. शीळ हे निमित्त झालं. कार्यक्रम नसता, तर मी बेचाळीस खुर्च्यांचं नाव पुढे केलं असतं.

वहिनीला हे सांगू नकोस. आवडीपायी वेडेपणा केला असं तिला वाटतं, आणि तेवढ्यावर ती मला माफ करते. भित्रा नवरा तिला झेपणार नाही. मलाच झेपत नाही.

रविवारच्या खोलीची किल्ली पेंटरनं सायकलवाल्याला परत दिली. आता चौघांपैकी कुणीच शीळ घालत नाही. कातारी रविवारी येऊन बसतो, तासभर, आणि जातो. त्यानं भेट म्हणून लाकडाचं काही आणलं नाही, फळं आणली नाहीत, तेवढं बरं वाटलं. औषधानं दुखणं थांबतं म्हणाले होते. थांबत नाही.

तू ये. दाराची घंटा बिघडलीये आणि मला आतून ओ देता येत नाही. दार नुसतं लोटलेलं असेल. मी आता पूर्वीसारखा दिसत नाही, वासही येतो. तोंड फिरवावंसं वाटलं तर खालच्या पायरीवर थोडी बस, आणि मग वर ये. मी वाट बघेन.
तुझा दादा