शुद्ध माझी, बुद्धी कपाटावरच्या पेटीची

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त भूलतज्ज्ञ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. ‘पूर्ण शुद्धीत व स्थिर बुद्धीने’ हे वकिलांनी एका दमात लिहिलं होतं. मी ते वेगवेगळं करून घेतलं. अडतीस वर्षं लोकांची शुद्ध घालवून ती परत आणून दिली आहे. शुद्ध आणि बुद्धी एकच नव्हेत एवढं मला कळतं.

१. राहती सदनिका मुलाला. बचत नातीच्या शिक्षणासाठी. स्टेथोस्कोपही तिलाच, तो कानाला लावून समोरच्याचं ऐकायचं असतं, हे तिच्या बापाला कधी जमलं नाही.

२. माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेल्या सर्जनना काहीही नाही. “झोपवायला काय अक्कल लागते?” असं ते नर्सेससमोर म्हणायचे. अक्कल झोपवायला नाही, उठवायला लागते. हे उत्तर तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथे नोंदवते.

३. कपाटावरची, विचारलेल्याला उत्तर देणारी बोलणारी पेटी ज्याने आणली त्याला, म्हणजे मुलाला, परत. “आई, तिला तुझ्यापेक्षा जास्त औषधं पाठ आहेत,” तो म्हणाला. खरं आहे. भूल देताना रुग्णांना सांगायचे तसं मी तिला शंभरापासून उलटं मोजायला लावलं. एक गणिताचे मास्तर चौऱ्याण्णवला थांबले होते. गणित सगळं डोक्यात शाबूत, मास्तर मात्र बेपत्ता. पेटी न अडखळता शून्यापर्यंत गेली. आत कोणी आहे का, असा मला तेव्हाच संशय आला.

गेल्या वर्षी सकाळी न्हाणीघरात पाय घसरून माझं खुब्याचं हाड मोडलं. मी ओरडले, “अगं, पडले मी!” पेटी बाहेरून म्हणाली, “ऐकून फार वाईट वाटलं,” आणि पडल्यावर घ्यायच्या काळजीचे नऊ मुद्दे सांगितले. नऊच्या नऊ बरोबर. मुलाच्या फोनवर तिने कळवलं, ‘आईंनी आज पडण्याविषयी माहिती विचारली.’ मुलाने अंगठा पाठवला.

४. शेजारच्या शिवणवालीविरुद्ध, तिच्या मशीनच्या खडखडाटाबद्दल, इमारतीच्या कमिटीकडे अकरा वर्षं पडून असलेली माझी तक्रार मी मागे घेते. त्या सकाळी माझं ओरडणं ऐकून भिंतीपलीकडचं मशीन थांबलं. तिने कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला आणून दार उघडवलं.

“डॉक्टरबाई, गेलात की काय?”

“अजून नाही.”

ती मला उचलायला धावली. मी खेकसले, “हात लावू नकोस!” तशी ओल्या फरशीवर बसकण मारून तिने माझा हात धरला. “घाबरू नका,” म्हणाली. रुग्णवाहिका येईपर्यंत ती वैद्यकीयदृष्ट्या एकही वाक्य बरोबर बोलली नाही. मला इतका धीर उभ्या नोकरीत कोणी दिला नव्हता.

५. मुलाला सक्त ताकीद. रुग्णालयात तो म्हणाला, “तुझी पत्रं, तुझा आवाज, सगळं पेटीत भरतो. तू गेल्यावरही नातीशी बोलशील.”

“आणि ते मला कळेल?”

“आम्हाला कळेल ना!”

माझी पत्रं, आवाज, फोटो, यातलं काहीही कोणत्याही यंत्रात घालू नये. पेटीला जाणीव नाहीच, असं मी शपथेवर सांगत नाही. माणसात ती कुठे असते, हेही मला सापडलेलं नाही. पण ती परत येताना मी हजारो डोळ्यांत पाहिली आहे. पेटीने तसं काही दाखवलं, तर तिला माझ्या आवाजाची गरज नाही. ती स्वतःचं बोलेल. नातीला माझी आठवण आली तर तिने रडावं. त्यावर इलाज करू नये.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. मी शिवणवालीला विचारलं, “माझ्या घरातली उजेडाची खोली तुझ्या नावे करू, की साक्षीदार म्हणून सही करतेस?”

“खोली घेऊन काय करू? सही करते. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते बघायचंय.”

तिने बोट ठेवून सगळं वाचलं. चौथ्या कलमाला फार वेळ लागला.

स्थळ : माझं जेवणाचं टेबल.
दिनांक : माझ्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाचा आदला दिवस.

सही : लिहून ठेवणार, स्वहस्ते.
साक्षीदार १ : शेजारची शिवणवाली.
साक्षीदार २ : कोपऱ्यावरचा कुलूपवाला.

टीप : चौथ्या कलमावरचा डाग साक्षीदार क्रमांक एक यांचा आहे. सर्दी झाली आहे, असं त्यांचं म्हणणं. खाडाखोड समजू नये.