पाणमांजराच्या गोष्टीचा शेवट

ती. आई,

लेकीचा इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे. खोलीत हीटर बसवलाय, बूटही नवे घेतलेत, तेव्हा माझ्या पायांची काळजी सोड. तुझा गुडघा काय म्हणतोय?

माझ्या छकुलीने मासिकातली माझी पाणमांजराची गोष्ट वर्गात सांगितली, हे वाचून आधी हसू आलं. मग तुझी पुढची ओळ वाचली. "त्या पिल्लांची आई परत आली, तशी माझीपण येणार," असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे.

आई, ती मादी आलीच नाही गं. संशोधन पत्रिकेत मी तसंच लिहिलं: मादी परतल्याची नोंद नाही, कारण अज्ञात. तिथले वाचक आमच्यातलेच, त्यांना एवढं पुरतं. मासिकाच्या संपादकबाई मात्र म्हणाल्या, "अहो, हे मुलं वाचतात. पिल्लांना असं उघड्यावर नका सोडू." मलाही सोडवेना. एका वाक्यात आणली तिला परत. नसती आणली तर बरं झालं असतं.

इथलं काम वाढलंय. सुट्टीत यायचं जमेलसं दिसत नाही. पुढे कधी, तेही साहेब सांगत नाहीत.

पिल्लं जगली, ती आमच्या केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशींमुळे. त्या बाटलीने दूध पाजायच्या, कुशीत घेऊन बसायच्या. ते ना पत्रिकेत आलं, ना मासिकात. छकुलीला खरं सांगायची वेळ आली, तर त्या मावशींपासून सुरुवात कर.

तुझीच,
थोरली