लुकासचं मराठी उत्तर

मंगळवार, संध्याकाळ

मानपाड्याच्या आमच्या कारखान्यातला जर्मन इंजिनीअर लुकास, त्याचा वर्क व्हिसा शुक्रवारी संपतोय. मुदतवाढीसाठी आज हवालदार त्याच्या घरी चौकशीला आले. एचआर म्हणून मीही गेलेले. त्यांनी सहज विचारलं, "कंपनीत काय काम करता?"

लुकास खुशीत मराठीत म्हणाला, "काय नाय, टाइमपास!"

टाइमपास! व्हिसाच्या चौकशीत! आमच्याच फिटर लोकांनी शिकवलेलं. 'इंग्रजीतच बोल' म्हणून मी आधी का नाही बजावलं? घाईघाईने म्हटलं, "साहेब, याच्याशिवाय नवं मशीन सुरूच होणार नाही हो!"

हवालदार हसले आणि त्यांनी कागदावर सही ठोकली. "असू दे मॅडम. असं उत्तर खरा नोकरदारच देतो."