जागतिक मागणी आणि माझा भरडा

३ सप्टेंबर, सकाळी सहा
सुन्यानी शहरातलं दोन दिवसांचं वर्कशॉप आटोपून काल गावी, दोर्माला परत. विषय : जगातली मांसाची वाढती मागणी आणि पशुखाद्य उद्योग. पडद्यावर ग्राफ. लाल रेघ डावीकडून निघाली ती थेट छताला भिडली. वक्ते म्हणाले, शहरं फुगणार, माणसं वाढणार, सगळ्यांना ताटात मांस हवं असणार. बाकीच्यांचं लक्ष जेवणाच्या रांगेकडे. लिहून घेणारा मी एकटा.
तीस वर्षं भूगोल शिकवला. जग कुठे चाललंय हे मला नाही कळायचं तर कुणाला? मांस म्हणजे कोंबडी. कोंबडी म्हणजे खाद्य. खाद्य म्हणजे मी.

४ सप्टेंबर
अंपोमाला योजना सांगितली. ती कांदा चिरत होती. चिरून झाल्यावर म्हणाली, "टीचर, जगाला भूक लागली असेल तर लागू दे. माझ्या कोंबड्यांच्या भांड्यात हात घालायचा नाही." बायको रागावली की मला टीचर म्हणते.
तिच्या तीनशे ऐंशी कोंबड्या. रोज अकरा ट्रे अंडी. घर त्यावर चालतं. माझी पेन्शन नुसती सोबतीला. वचन दिलं. नवरा म्हणून दिलं, उद्योजक म्हणून नाही.

९ सप्टेंबर
कंपनीचं नाव ठरलं : दोर्मा ग्लोबल प्रोटीन. मेव्हण्याकडून काँक्रीटचा मिक्सर आणला. त्वुमासी म्हणाला, "भावोजी, यात आम्ही घरांचे पाये कालवतो." म्हटलं, मीही पायाच घालतोय. हसला नाही. आत थोडं सिमेंट चिकटून आहे. कोंबडीला कॅल्शियम लागतंच.

११ सप्टेंबर
मका मिळाला! पावसात काढलेला, कुणी घेत नव्हतं. सगळा उचलला. लोकांना संधी दिसत नाही.
इसाकानं पोत्यात हात घातला आणि मूठ नाकाशी नेली. वीस वर्षं अंपोमाच्या कोंबड्या राखतोय. म्हणाला, "टीचर, हा मका आजारी आहे." म्हटलं, ओल आहे, वाळेल. तर म्हणे, "ओल अशी नाकात चढत नाही." शाळेची पायरी न चढलेला माणूस. वाद घातला नाही.

१४ सप्टेंबर
अंपोमा कुमासीला गेली. मावशी वारली. आमच्याकडचं मर्तिक म्हणजे काळे कपडे, पाहुणे, मंडप, वाद्यं. तीन आठवडे तरी मोडतील. जाताना इसाकाला सगळं समजावलं, मला काहीच नाही. विश्वास.

१५ सप्टेंबर
रात्रभर विचार केला. चाचणी न घेता माल बाजारात आणणं ही लोकांची फसवणूक. चाचणीला कोंबड्या लागतात. कोंबड्या घरातच आहेत. शिवाय अंपोमाच्या गैरहजेरीत अंडी वाढली तर तिला केवढा आनंद होईल!
मका, कसाव्याच्या कंदाची सालं, थोडी सुकट, शिंपल्यांचा चुरा. सोयापेंड परवडत नाही म्हणून वगळली. इसाकानं भांडी भरायला नकार दिला. मीच भरली.

१६ सप्टेंबर
अकरा ट्रे! एकही अंडं कमी नाही. सूत्र सिद्ध.
दोन पोती कोनाडूबाईंना फुकट नेऊन दिली. नवरा गेल्यापासून साठ कोंबड्यांवर मुली शिकवतात. म्हणाल्या, "देव भलं करो, टीचर. खाद्य आजच संपत आलं होतं." समाजसेवाही झाली.

२० सप्टेंबर
सात ट्रे. बदलाचा काळ. नवीन शाळेत घातलेलं पोरही पहिल्या आठवड्यात रडतं.

२२ सप्टेंबर
चार ट्रे. दोन अंडी कवचाशिवाय, नुसत्या पापुद्र्यात. हातात घेतली तर थरथरली. शेजारच्या चर्चमधला लाउडस्पीकर कारणीभूत असावा. पाद्र्यांना भेटून आवाज कमी करायला सांगितला. ते म्हणाले, "बंधो, हाच स्पीकर सहा वर्षं आहे." म्हणजे परिणाम साचत गेला.

२५ सप्टेंबर
दीड ट्रे. अठरा मेल्या. इसाकानं न विचारता पूर्वीचं खाद्य उसनं आणून घातलं. मी अडवलं नाही. तुलनेसाठी उपयोगी.

२७ सप्टेंबर
सरकारी पशुवैद्य आले. मेलेली कोंबडी चिरून काळीज दाखवलं. पिवळं, ठिसूळ. बुरशीचं विष, म्हणाले. उरलेलं सगळं जाळा, आणि आणखी कुणाला दिलं असेल तर आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा.
सरकारी नोकरीत माणसं निराशावादी होतात.
कोनाडूबाईंकडे उद्या जाईन. आज आभाळ भरून आलंय.

२८ सप्टेंबर
पाय मुरगळला.

३० सप्टेंबर
इसाका जाऊन सांगून आला. उशीर झाला होता, म्हणाला. किती मेल्या ते मी विचारलं नाही.

४ ऑक्टोबर
मेलेल्या : दोनशे सहा. उरलेल्या कोपऱ्यात डोळे मिटून बसतात. मी आत गेलो की सरकतात.
अंपोमा उद्या येणार. प्रवासानं दमलेल्या बाईला एकदम धक्का नको, म्हणून दुसऱ्या फार्मवरून अकरा ट्रे विकत आणून ओसरीवर मांडले. रिकाम्या पिंजऱ्यांवर ताडपत्री.

५ ऑक्टोबर
बसमधून उतरून ती थेट ओसरीवर आली. एक अंडं उचललं, उजेडात फिरवलं, परत ठेवलं. "ही माझी नाहीत."
मग ताडपत्री ओढली.
ओरडेल असं वाटलं होतं. उत्तरं तयार होती. ती पिंजऱ्यासमोर खाली बसली, मावशीच्या सुतकाच्या काळ्या कपड्यांतच, आणि विचारलं, "किती दिवस त्रास झाला त्यांना?"
मी ताडपत्रीची घडी घातली.

९ ऑक्टोबर
कोनाडूबाई येऊन गेल्या. दोन्ही पोती धुऊन, वाळवून, घडी घालून परत केली. म्हणाल्या, "तुमची होती." पाणी दिलं तर घेतलं नाही. मोठी मुलगी शाळा सोडून राजधानीत, आक्राला कुणाकडे तरी कामाला गेली, असं अंपोमाकडून नंतर कळलं. पोरगी माझ्या वर्गात होती. खंडांची नावं न अडखळता म्हणायची.
पोती चांगल्या प्रतीची आहेत, एवढं दिसलं.

१७ ऑक्टोबर
उरलेल्याही गेल्या. इसाका आज उत्तरेला, आपल्या गावी निघाला. राखायला काही उरलं नाही. अंपोमा रडली. जाताना तो मला म्हणाला, "टीचर, तुम्ही माणूस वाईट नाही. तुम्हाला कुणीतरी अडवायला हवं होतं. ते काम माझं होतं."
चूक त्यानं स्वतःहून कबूल केली. मनाचा मोठेपणा लागतो. रात्री जेवण गेलं नाही.

२ नोव्हेंबर
अंपोमानं बाजारात कोल्ड स्टोअरचा गाळा चालवायला घेतला. गोठवलेलं चिकन, खोक्यातून. परदेशात वाढलेलं, तिथल्या मक्यावर. मी म्हटलं, यातही मागणीचा अभ्यास करता येईल. ती म्हणाली, "तुम्ही बर्फ फोडा."

१६ नोव्हेंबर
बर्फ फोडला. दुपारनंतर बोटं बधिर होतात.
एका बाईंनी विचारलं, हे इथलंच चिकन का? म्हटलं, नाही, जहाजानं येतं.
"मग द्या दोन किलो," त्या म्हणाल्या. "इथल्या कोंबड्यांचं काही खरं नाही हो. कुणीतरी विष घातलं म्हणे."
अंपोमा माझ्याकडे बघत होती. खोक्यातल्या गोठलेल्या तंगड्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. हातोडीनं सोडवल्या. वजन थोडं जास्तच घातलं.