फणसाखालचा काटा

चिआमिस, ३ जून १९९६

ती. तेतेह कोकोम हिला धाकट्या बहिणीचा, एन्तिनचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, फक्त आबा माझ्याशी बोलत नाहीत. कारण ऐक. गुरुवारी जाजांग व्यापाऱ्याने त्याच्या काट्यावर माझा लाल कोंबडा दीड किलो भरवला. मला संशय आला. कोंबडा काखोटीला मारला आणि बाजारात तांदूळवाल्याकडे नेला, तर भरला पावणेदोन! जाजांगला तोंडावर सांगितलं, तर चारचौघांत हसून म्हणाला, की पक्षी भ्यायला की वजन घटतं. मी म्हटलं, मग तुम्हीही जरा भ्या, पोट उतरेल.

आबा म्हणतात, वीस वर्षं दारात येणारा माणूस, जाऊन माफी माग. मी नाही मागणार. खुराड्याला कडी घातली आहे. सत्तर पक्षी आहेत, एकही त्याच्या काट्यावर चढणार नाही.

मला बांडुंगहून काटा बघून दे. शिलाई मशीनसाठी साठवलेले साठ हजार रुपिया आहेत, त्यात बसेल तो.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी एन्तिन


बांडुंग, ११ जून १९९६

चि. एन्तिन हिस तेतेहचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसूही आलं आणि काळजीही वाटली. दोन दिवस चपला झिजवल्या. स्वयंपाकघरातला काटा सर्वांत स्वस्त, पण ताटली एवढीशी. कोंबडी वर बसून अंडं घालेल, वजन काही देणार नाही. जमिनीवरचा मोठा काटा दोन लाखांच्या घरात, त्याचं नाव काढू नकोस. टांगायचा स्प्रिंगचा काटा चाळीस हजारांना आहे; पण कोंबडी फडफडली की त्याची सुई नाचते, आणि वर्षभरात स्प्रिंग सैल पडते म्हणे.

शेवटी जुन्या बाजारात दांडीचा काटा सापडला. आकड्याला कोंबड्या टांगायच्या, दांडीवर वजन सरकवायचं. स्प्रिंगच नाही, तर सैल काय होणार? घासाघीस करून पंचेचाळीसला घेतला, बसने पाठवते आहे. कोंबडीच्या डोक्यावर फडकं टाक, स्वस्थ लटकते.

एकच उणीव, यंदाचा सरकारी शिक्का नाही. जाजांग पहिलं बोट तिथेच ठेवील. आधी वजनमापांच्या कचेरीत जा. आणि आबांना उलट बोलू नकोस गं, थकलेत ते.

काळजीत असलेली,
तुझी कोकोम


चिआमिस, ३० जून १९९६

ती. तेतेहला एन्तिनचा सा. न.

काटा पोचला. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, की दुकानदार कुठे आहे? म्हटलं, समोर उभी आहे. तपासलं तर काटा किलोमागे जरासं जास्तच दाखवत होता. त्यांनी सरकत्या वजनात शिसं ओतून घ्यायला लावलं, मगच शिक्का मारला. बरं झालं. मला माझंच हवं होतं, जाजांगचं नको.

जाजांगने शिक्का बघितला, बस आता या कोंबड्यांना जन्मभर दाणे घालत, असं म्हणाला आणि गाडी वळवली. दहा दिवस फिरकला नाही. दाणा सरत आला. खरं सांगते, घाबरले होते, पण कडी काढली नाही. काटा रस्त्याकडेच्या फणसाला टांगला आणि येईल त्याला फुकट वजन करून दिलं. शेजारच्या बिबी ओनाह बदकं घेऊन आल्या, मग त्यांच्या जावा आल्या. खरे आकडे बघून बायका जाजांगच्या नावाने जे सुरू झाल्या, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

काल तो आला. पाच घरं हिंडला. पाचही जणींनी फणसाकडे बोट दाखवलं. तो झाडाखाली येतोय तोच आबा उठले. मला वाटलं, आता माफी मागायला लावतात. त्यांनी माझ्या हातून दांडी घेतली, वजन सरकवलं आणि आकडा मोठ्याने वाचला. जाजांगने विचारलं, की आबा, तुम्हीसुद्धा? आबा म्हणाले, की मला वीस वर्षं ठाऊक होतं, विचारायची लाज वाटायची. पोरीला नाही वाटली. तेतेह, मी तोंड फिरवून कोंबड्यांचे पाय बांधत बसले.

सगळे पक्षी खऱ्या वजनाने गेले. निघताना जाजांग हळूच म्हणाला, की निदान काटा आत अंगणात टांग, असा रस्त्यावर नको. मी सांगितलं, काटा इथेच राहील, तुम्ही गुरुवारी वेळेवर या.

आता काळजी सोड आणि लेबारानच्या सणाला घरी ये. आबांनीच लिहायला सांगितलं आहे.

तुझ्या मायेची हक्कदार,
एन्तिन