सिद्रामप्पाची जीभ

मुखेड, ५ इस्फंदार १३५१ फसली

एका शकापायी, म्हणजे संशयापायी, आजवर गेलं ते असं: देगलूरच्या दोन खेपा, डॉक्टरला एक कोंबडी, गाडीच्या चाकाचा एक आरा आणि बायकोचा तीन दिवसांचा अबोला. महाग नाही.

शक असा. बाजारात लिंबाखाली बसणारा बैलांचा दलाल सिद्रामप्पा दिवाळीत लकव्यानं पडला. हातपाय सुधारले, जीभ गेली म्हणतात. तेव्हापासून सगळी गिऱ्हाइकं त्याच्याकडं. मुका दलाल भाव फोडत नाही! मीही दलालच, मी काय फोडतो? (दगडोबाचा फोडला होता. एकदाच.)

म्हणजे हे मुकेपण धंद्याचं. माझे कान तिखट, खोटं आवाजातच ओळखतो. वीस वर्षांत एक ऐबी, खोट असलेलं जनावर माझ्या गळ्यात पडलेलं नाही.

८ इस्फंदार

मी देगलूरला खेपा घालून बोलावलेला रेणुकादास डॉक्टर आला. हैदराबादेहून नवा पास झालेला. लकव्यानं बोली कशी जाते, यावर त्याचा पहिलाच अभ्यास. सिद्रामप्पाला कुलूप दाखवलं, तांब्या दाखवला. शब्द नाही. मी हळूच त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं कन्नडात माझ्या तीन पिढ्या स्वच्छ उद्धरल्या.

घ्या, म्हणालो. डॉक्टर म्हणे, शिव्या अन्‌ भजनं मेंदूत निराळीकडं राहतात. सोयीचं आहे. वर त्यानं ते नोटबुकात उतरवून घेतलं. हा सीआयडी तर नव्हे?

सिद्रामप्पाची बायको मल्लम्मा म्हणाली, "भावजी, पाणी म्हणता येईना म्हणून रडून राहिले हे. ते बी नाटक हाय का?"

रडणं शिकता येतं.

१२ इस्फंदार

पंचांना गाठलं. ठरलं: येत्या बाजारी रुमालाखाली बोटं दाबून मी त्याच्याशी त्याच्याकडच्या एका बैलाचा सौदा करणार. एक आकडा तोंडातून निघाला, तर लिंबाखालची जागा माझी. नाही निघाला, तर बैल मी घ्यायचा अन्‌ हा विषय पुन्हा काढायचा नाही. डॉक्टर खूश. जिभेचे गेलेले आकडे बोटांत राहतात का, ते त्याला बघायचंय. बघ म्हणावं.

१९ इस्फंदार, दुपार

रुमाल टाकला. मी मुद्दाम वीस दाबले, चिडून ओरडेल. त्यानं साठ दाबले, तोंड मिटून. मी कान त्याच्या ओठाशी लावला. बावीस. गप्प. पंचवीसला आईवरून शिवी. पंच म्हणाले, शिवी धरायची नाही.

मग ओठ हलले. कान आणखी जवळ नेला. घशात नुसती घरघर, डोळ्यांत पाणी. बोटं मात्र एकदाही चुकली नाहीत. पंचावन्नला पटलं. रुमाल काढल्यावरही त्यानं माझा हात बराच वेळ सोडला नाही. शक कायम.

जागा त्याचीच राहिली. हरकत नाही. बैल झोकदार आहे.

२० इस्फंदार, सकाळ

बायकोनं, शिवगंगानं, वैरण टाकली. बैल खांबाला धडकला. तिनं त्याच्या एकेका डोळ्यापुढं हात हलवला अन्‌ मला विचारलं, "रुमाल टाकायच्या आधी ह्याचे डोळे बघितले का न्हाई?"

माझं लक्ष कानात होतं, असं सांगितलं.

बैल डाव्या डोळ्यानं आंधळा आहे.